पाण्यावरची जनरल शिफ्ट

समुद्रदिन म्हणजे प्रवासी जहाजाच्या लांबच्या सफरीतला असा दिवस, की ज्या दिवशी जहाज कोणत्याही बंदराला लागत नाही, कोणी उतरत नाही, कोणी चढत नाही आणि खिडकीतून सकाळी जे दिसले तेच संध्याकाळीही दिसते. कार्यक्रमपत्रिकेत बंदराच्या नावाच्या रकान्यात त्या दिवशी ‘समुद्रात’ एवढेच छापलेले असते. जहाज चालवणाऱ्यांच्या मते हा विश्रांतीचा दिवस होय. मराठी प्रवाशाच्या मते हा दिवस फुकट जाऊ नये म्हणून पहाटे पाचला उठणे भाग आहे.

हौसेने समुद्रात जाण्याची प्रथा फार जुनी नाही. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे उतारू कमी होत आणि मोठाली जहाजे धक्क्याला बसून खर्च खात. त्यावर तोड म्हणून आल्बर्ट बालीन या जर्मन व्यवस्थापकाने १८९१ च्या जानेवारीत ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ उतारूंसह भूमध्य समुद्रात नुसते फिरवून आणले. रिकामे जहाज आणि रिकामा माणूस यांची गाठ पडली ती तेव्हापासून. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून थोरामोठ्यांमागे ग्रामण्य लागले. समुद्र ओलांडणे हे तर चहाहून कितीतरी मोठे पातक. समुद्र ओलांडून आलेल्याला तेव्हा प्रायश्चित्त घ्यावे लागे. आता तो मंडळात सगळे फोटो दाखवतो आणि प्रायश्चित्त बघणाऱ्यांना घडते.

समुद्रदिनाचा अभ्यास करण्यास भिलाईचा निवृत्त कर्मचारी हा सर्वांत योग्य नमुना आहे. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे आणि देशाचा कोणताही किनारा तिथून रात्रभराच्या प्रवासाशिवाय दिसत नाही. शिवनाथ नदी आणि मरोदा तलाव हे तिथले मोठे पाणी. तरीही समुद्रावर भिलाईकराचा हक्क आहे असे भिलाईकर मानतो. सोव्हिएत संघाशी १९५५ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजाला जे सुमारे ३०,००० टन खास पोलाद लागले, ते पुरवणाऱ्या कारखान्यांत बोकारो व राउरकेलाबरोबर भिलाईही होते. त्यामुळे कोणतेही जहाज दिसले की भिलाईकर त्याच्याकडे माहेरच्या माणसासारखे बघतो.

विदर्भातून नोकरीसाठी आलेले आजोबा, कारखान्यात पस्तीस वर्षे काढलेले बाबा आणि भिलाईत आयआयटीच्या शिकवण्या लावून थेट कॅलिफोर्नियात पोचलेला मुलगा, ही तिथल्या अनेक मराठी घरांची तीन पिढ्यांची वाट आहे. या वाटेच्या टोकाला मुलगा आईबाबांना सॅन फ्रान्सिस्को ते हवाई अशा जहाजाची तिकिटे काढून देतो.

“बाबा, पंधरा दिवस काहीही करायचं नाही.”

“म्हणजे नेमकं काय करायचं?”

“काहीच नाही.”

“ते किती वाजता सुरू होतं?”

प्रश्न रास्त असतो. सहा ते दोन, दोन ते दहा आणि दहा ते सहा अशा तीन पाळ्यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला वेळ नसलेले काम चालते; काम नसलेली वेळ चालत नाही.

सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू हे अंतर सुमारे २,१०० सागरी मैल आहे. सागरी मैल १,८५२ मीटरचा. ताशी वीस मैलांनी गेले तरी चार दिवस निव्वळ पाणी, आणि परतताना तेच पाणी उलट्या बाजूने. शिवाय १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसते अमेरिकेतून अमेरिकेत फिरून येता येत नाही. मध्ये परदेशी बंदराला लागावे लागते. म्हणून जहाज मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला काही तास हजेरी लावून येते. हा कायदा ऐकल्यावर भिलाईकराला जहाजाबद्दल प्रथमच आपुलकी वाटते. नुसते कार्ड पंच करायला गेटवर जाऊन परत येणे त्याला नवीन नसते.

समुद्रदिनाची सुरुवात खोलीत होते. गोल खिडकी दिसताच मराठी पुरुष तिच्याशी खांदे लावून बघतो. १९१० च्या जुलैत मार्सेल्सला ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी उडी घेतली तेव्हापासून जहाजाची गोल खिडकी ही मराठी माणसाच्या लेखी नुसती खिडकी उरलेली नाही. मोजमापात त्याचे खांदे आत मावतात, पोट बाहेर राहते.

“अहो, काय करून राहिले तुम्ही?”

“काही नाही, हवा बघतोय.”

“खिडकी उघडत नाही ती. बंदच असते. तिकडे लिहिलंय.”

यानंतर खुर्ची धरण्याचा विधी येतो. तरणतलावाभोवती आरामखुर्च्या असतात आणि त्या जहाजावरच्या माणसांपेक्षा कमी असतात. ही टंचाई दिसताच सर्व राष्ट्रांचे लोक एकाच संस्कृतीचे होतात. जर्मन, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन असे सगळे पहाटे येऊन खुर्चीवर टॉवेल, पुस्तक किंवा एक चप्पल ठेवून पुन्हा झोपायला जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला यात शिकण्यासारखे काही नसते. तो पाच वाजता दोन खुर्च्या धरतो, एक आपली आणि एक कोणी ओळखीचे भेटले तर. सॅन फ्रान्सिस्को सोडल्यावर पहिले दोन दिवस हवा बोचरी आणि वारा जबर असतो, त्यामुळे तलावाकाठी बसणे कोणालाच शक्य नसते. सगळ्या खुर्च्या भरलेल्या आणि एकाही खुर्चीवर माणूस नाही, असे दृश्य दिवसभर दिसते. बेवारस टॉवेल अर्ध्या-पाऊण तासाने उचलले जातील अशी पाटी असते. ती वाचून भिलाईकर दर पंचवीस मिनिटांनी वर येतो, टॉवेलची जागा चार बोटे बदलतो आणि जातो. विश्रांतीच्या साधनाची राखण हे त्या दिवसाचे पहिले काम ठरते.

दुसरे काम फेऱ्यांचे. जहाजाच्या कठड्याकडेने चालायची वाट असते आणि किती फेऱ्यांचा एक मैल होतो याची पितळी पाटी लावलेली असते. चालणाऱ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने जावे असे बाणही असतात. मराठी माणूस कशाहीभोवती फिरू लागला की आपोआप प्रदक्षिणा घालतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने. मध्ये नाचघर, दारूचे दुकान आणि जुगारखाना असला तरी दिशा बदलत नाही. परिणामी जहाजावरचा प्रत्येक प्रवासी त्याला दर फेरीत दोनदा समोरून भेटतो. चौथ्या फेरीनंतर लोक त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणणे सोडून देतात आणि पाचव्या फेरीत वाट सोडतात.

चालता चालता तो जहाजाची मापे काढतो. लांबी सुमारे २९० मीटर, असे माहितीपत्रकात असते.

“आपल्याकडे रुळांचं पॅनल २६० मीटरचं निघतं,” तो शेजारच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांना सांगतो. “म्हणजे हे एक रूळ आणि थोडं वर.”

गृहस्थ नम्रपणे थांबतात. भिलाईकर बोटाच्या पेराने जहाजाच्या भिंतीवर दोनदा टकटक करतो, कान देतो आणि मान हलवतो. मान होकारार्थी की नकारार्थी हे त्याने सांगितलेले नसते. त्या दिवशी ते गृहस्थ जेवायच्या आधी आपली तरंगपेटी जागेवर आहे का ते बघून येतात.

न्याहारी हे समुद्रदिनाचे तिसरे आणि सर्वांत धोक्याचे अंग होय. पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि जेवणारा नको म्हणतो, त्यामुळे पोटाचे रक्षण होते. बुफेत आग्रह करायला कोणी नसते, म्हणून जेवणारा स्वतःलाच आग्रह करतो आणि स्वतःचे मन मोडणे कठीण जाते. त्यातच तिकिटाचे डॉलर रुपयांत गुणून झालेले असतात. मुलाने भरलेले असले तरी पैसे वसूल व्हायचे ते होतातच. टरबुजाची एक फोड किती रुपयांची, हा हिशेब चालू असताना लिफ्ट येते आणि तिच्यातल्या गालिच्यावर वाराचे नाव विणलेले दिसते. समुद्रात वार विसरतात, म्हणून हा गालिचा रोज बदलतात. त्यावर असते मंगळवार. आणि सौभाग्यवतींच्या पर्समधल्या कालनिर्णयात त्या मंगळवारी असते संकष्टी, म्हणजे अंगारकी.

इथे समुद्रदिनाचे खगोलशास्त्र सुरू होते. बुफेवर चाळीस पदार्थ, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडे, आणि त्यांच्यासमोर एक मराठी बाई ताटात केळे आणि उकडलेला बटाटा घेऊन बसलेली, हे दृश्य प्रशांत महासागरावर फारदा दिसत नसावे. भिलाईकर गृहस्थांना दया येते. जहाजाचे घड्याळ भारताच्या साडेतेरा तास मागे असते. ते बोटांवर मोजतात.

“अगं, आता इथे साडेसात. म्हणजे भिलाईत रात्रीचे नऊ. तिथे चंद्र उगवला. सोड उपास, डोसा गरम आहे.”

“आकाशात कुठे आहे?”

“भिलाईच्या आकाशात आहे.”

“मी भिलाईत आहे का?”

या प्रश्नाला पंचांगात उत्तर नाही. चंद्रोदय ज्या गावी माणूस असेल त्या गावचा धरतात आणि गावेच नसलेल्या ठिकाणी जाऊन संकष्टी करण्याची वेळ पूर्वी कोणावर आली नव्हती. शेवटी गृहस्थ स्वागतकक्षात जातात. जहाजावर चंद्रोदयाची वेळ विचारणारा माणूस बहुधा कविता करतो किंवा लग्नाची मागणी घालणार असतो, त्यामुळे तिथली मुलगी हसून वरच्या सुकाणूघरात फोन लावते. सागरी पंचांगात चंद्रोदय मिनिटामिनिटाचा दिलेला असतो. उत्तर येते, २१ वाजून २४ मिनिटे. चोवीस तासांच्या घड्याळात मिळालेले हे उत्तर गृहस्थांना फार आवडते. कारखान्याच्या लॉगबुकातही असेच लिहीत.

दुपारी बाराला जहाजाचा भोंगा वाजतो. गृहस्थ डुलकीतून ताडकन उठून चपला घालतात आणि दारापर्यंत जातात. तिथे त्यांना आपण निवृत्त आहोत हे आठवते. त्यापाठोपाठ कप्तानाची घोषणा होते: जहाज कुठे आहे, वेग किती, वारा कुठून आणि खाली पाणी किती खोल. खोली पाच किलोमीटरच्या घरात असते.

“म्हणजे सिव्हिक सेंटर ते मैत्री बाग उभं केल्यासारखं,” गृहस्थ म्हणतात.

“उगाच काहीतरी. मैत्री बाग लांब आहे,” सौभाग्यवती म्हणतात आणि पुढचा अर्धा तास, महासागराच्या मधोमध, भिलाईतल्या कोणत्या चौकातून कोणता सेक्टर जवळ पडतो यावर वाद चालतो. मध्ये एक देवमासा वर येऊन फवारा उडवून जातो. उजव्या बाजूला गलका होतो. हे दोघे तेव्हा सेक्टर ७ पर्यंत आलेले असतात.

दुपारचे कार्यक्रम जहाजवाले अर्ध्या अर्ध्या तासाच्या अंतराने ठेवतात. त्यांची छापील यादी रोज दारात येते. गृहस्थ त्यातल्या वेळांखाली पेनने रेघा मारतात आणि एका हातरुमालाएवढ्या कागदावर ड्यूटी चार्ट तयार होतो. दोन वाजता देवमाशांवर व्याख्यान. त्याला जावे लागते, कारण देवमासा चुकलेला असतो. अडीचला प्रश्नमंजूषा, अमेरिकेतल्या जुन्या दूरचित्रवाणी मालिकांवरच्या वीस प्रश्नांपैकी त्यांना एकही येत नाही, पण शेजारी जो बरोबर उत्तर देतो त्याच्याकडे ते परीक्षकासारखी मान डोलावतात. तीनला हौजी. भिलाईतल्या क्लबात फुकटात खेळली जाणारी हौजी इथे डॉलर मोजून खेळतात, हे कळल्यावर ते खेळत नाहीत. मागे उभे राहून दुसऱ्याच्या तिकिटावर लक्ष ठेवतात आणि एका बाईंना त्यांचा सुटलेला आकडा दाखवून देतात. बाईंना ‘लाइन’ लागते. बाई त्यांना मिठी मारतात. याची नोंद ड्यूटी चार्टवर होत नाही.

या काळात खोलीत दुसरे युद्ध चालू असते. खोली आवरणारा कर्मचारी रोज टॉवेल घड्या घालून त्याचा हत्ती, माकड किंवा बदक करून पलंगावर ठेवतो. सौभाग्यवतींना पहिल्या दिवशी वाटते, कोणीतरी टॉवेल चुरगळून टाकला आहे. त्या सोंड सोडवतात, झटकतात आणि चौघडी घालून कपाटात ठेवतात. दुसऱ्या दिवशी दोन टॉवेलांचा मोठा हत्ती येतो. त्या दोन्हींची चौघडी घालतात. तिसऱ्या दिवशी हत्तीला सौभाग्यवतींचा चष्मा लावलेला असतो, जो त्या सकाळपासून शोधत असतात. तेव्हापासून त्या हत्ती मोडत नाहीत. मंगळवार असेल तर त्याच्यापुढे केळे ठेवतात.

दुपारनंतर समुद्र थोडा चढतो. डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, कानातली तोल सांभाळणारी इंद्रिये म्हणतात ती हलते आहे आणि या भांडणाचा निकाल पोट लावते. समुद्र लागणे ते हेच. जहाजाच्या मधोमध, खालच्या मजल्यावर हालचाल सर्वांत कमी जाणवते आणि क्षितिजाकडे बघत राहिल्याने आराम पडतो, असे जाणकार सांगतात. जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसू लागतात. त्या कशासाठी हे न कळून गृहस्थ एकीत उरलेले बिस्किट भरून घेतात. सौभाग्यवती पर्समधून आलेपाकाच्या वड्या काढतात. आले मळमळीवर चालते, हे जहाजाचे डॉक्टरही मान्य करतात. संध्याकाळपर्यंत एका मजल्यावरच्या निम्म्या राष्ट्रसंघाने आलेपाक खाल्लेला असतो आणि सकाळी वाट सोडणारे लोक आता वाट अडवतात.

समुद्रदिनाची रात्र ही ठेवणीतल्या कपड्यांची रात्र असते. गृहस्थ निरोप समारंभासाठी शिवलेला कोट चढवतात. तो आता पुढून मिटत नाही. सौभाग्यवती पैठणी नेसतात आणि जहाजाचा छायाचित्रकार कोटवाल्यांना सोडून त्यांच्याच मागे लागतो. जेवणघरात मात्र अडचण उभी राहते. वाढपी पाच पदार्थ आणतो आणि पाचही परत जातात. तो घाबरतो. मुख्य वाढपी येतो. मग पांढरी टोपी घातलेला आचारी येतो.

“मॅडमना आवडलं नाही?”

“आज त्यांचा उपास आहे.”

“डॉक्टरांनी सांगितलंय?”

“नाही. गणपतीनं.”

आचारी गंभीरपणे मान डोलावतो. थोड्या वेळाने भाजलेला बटाटा येतो, त्यावर कोथिंबिरीचे पान. नोंदवहीत सौभाग्यवतींच्या नावापुढे ‘मंगळवारची ॲलर्जी’ असे लिहिले जाते आणि पुढच्या मंगळवारी काही कारण नसताना त्यांच्यासमोर पुन्हा बटाटा येतो.

सव्वानऊला दोघे वरच्या उघड्या मजल्यावर जातात. हातात खोलीतला पाण्याचा पेला, फूल म्हणून जेवणाच्या टेबलावरचे एक गुलाबी फूल. पूर्वेकडे तोंड करून दोन माणसे कठड्याशी टक लावून उभी आहेत, हे बघून तिसरा थांबतो.

“देवमासा?”

“चंद्र.”

तिसऱ्याला नीट ऐकू येत नाही. तो कॅमेरा काढतो. कॅमेरा बघून आणखी दहा जण येतात. २१ वाजून २४ मिनिटांनी चाळीस माणसे श्वास रोखून उभी असतात आणि पाण्यातून लालसर, एका बाजूने झिजलेला चंद्र वर येतो. इमारत नाही, झाड नाही, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी नाही. लोक टाळ्या वाजवतात. सौभाग्यवती हात जोडतात आणि प्रशांत महासागरात पेलाभर पाण्याचे अर्घ्य सोडतात. अर्घ्य वाऱ्याने परत येते आणि गृहस्थांच्या कोटावर पडते.

तेवढ्यात जहाजाच्या महागड्या इंटरनेटवरून नागपूरच्या नणंदेचा फोन लागतो.

“अगं वहिनी, आता सोडून राहिली? इकडे बुधवारचे अकरा वाजत आले! पंचमी लागली! आमचे मोदकही संपले.”

उपास नेमका कोणत्या दिवशी घडला, हा प्रश्न तिथेच राहतो. बुफे मात्र उघडा असतो आणि सकाळच्या डोशाची वसुली रात्री दहाला होते.

समुद्रदिनाचे शेवटचे वैशिष्ट्य म्हणजे तो कधीकधी पंचवीस तासांचा असतो. हवाईकडे जाताना वाटेत घड्याळे एकेक तास मागे घ्यावी लागतात आणि हा बदल रात्री दोनला होतो. तशी चिठ्ठी उशीवर ठेवलेली असते. तास फुकट मिळाला म्हणून इतर प्रवासी झोपतात. गृहस्थांना झोप येत नाही. हा तास कोणाच्या खात्यात टाकायचा हे चिठ्ठीवर लिहिलेले नसते. खुर्चीवरचा टॉवेल बघून यावे म्हणून ते कोट अंगात अडकवून बाहेर पडतात.

लिफ्ट उघडते तेव्हा आत एक माणूस गुडघ्यांवर बसून मंगळवारचा गालिचा गुंडाळत असतो. छातीवरच्या पट्टीवर देशाचे नाव असते, भारत. बोलण्यावरून तो गोव्याचा निघतो.

“नाइट शिफ्ट?” गृहस्थ विचारतात.

“होय. दहा ते सहा.”

दिवसभरात कोणी काही बोलले आणि ते पहिल्या फटक्यात समजले, असे गृहस्थांच्या बाबतीत प्रथमच घडते. ते गालिच्याचे एक टोक धरतात.

“पण आज घड्याळ मागे गेलं. म्हणजे तुमची पाळी नऊ तासांची झाली. ओव्हरटाइम?”

तो हसतो. “परतताना घड्याळ पुढं जातं ना, साहेब. तेव्हा सात तासांची होते. हिशेब बरोबर.”

गृहस्थ मनातल्या मनात पडताळा घेतात. हिशेब बरोबर असतो. नवा गालिचा दोघे मिळून अंथरतात, कोपरे पायाने दाबतात, आणि त्यावर बुधवार उमटतो.